आतोबांचे सवलतीचे संच

फुकटचं ते खोटं, पूर्ण किमतीचं ते मूर्खांसाठी आणि सवलतीत मिळेल तेवढंच खरं, अशी सगळ्या सृष्टीची वाटणी करून बसलेला माणूस अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात एकच, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघावा! आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लोक विहारात जातात, चालायला जातात. आतोबांनी कॉम्प्युटर धरला. पालेगावातल्या नव्या फ्लॅटमध्ये टीव्ही हलवून त्याच्या जागी तो बसवला आणि त्याच्या पोटात सवलतीतलं सॉफ्टवेअर कोंबायला सुरुवात केली.

एकटं सॉफ्टवेअर विकत घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. संच हवा. मग त्यात बंगल्याचे नकाशे काढणारं असो, किराणा दुकान सांभाळणारं असो, की पत्रिका जुळवणारं. "आपल्या बौद्ध घरात कुणाची पत्रिका जुळवताय?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "अगं, संचातच आली. टाकून देऊ?" खरेदी उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात, एका सिंधी शेठकडे. मी एकदा सोबत गेले आणि पस्तावले. आतोबांनी खोका हातात घेतला, वांग्यासारखा चारी बाजूंनी दाबून पाहिला आणि विचारलं, "वर काय देणार?"

शेठ कळवळला. "काका, ये सब्जी थोडी है! धनिया कहाँ से डालूँ?"

"धनिया नको. एक अँटिव्हायरस टाका." शेठनं टाकला. घरी आधीचे तीन होतेच.

हसू येतं खरं, पण या सगळ्या खटाटोपाचं मूळ आत्याच्या डोळ्यांत होतं. नजर हळूहळू जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलेलं. मोबाइलवरचं तर तिला काहीच कळेनासं झालं होतं. म्हणून स्क्रीनवरचं सगळं मोठं, ठळक दाखवणारं काही संचात आहे का, हे आतोबा सगळ्यात आधी बघत. "अहो, ती सोय कॉम्प्युटरमध्ये फुकटच असते," मी एकदा म्हटलं. त्यांनी माझी कीव केली. "फुकटचं डोळ्यांना लावायचं? आणि तेही तिच्या?" कपाळ माझं!

त्यांची लेक सुजाता कॅनडात असते. तिला मुलगी झाली आणि त्या रविवारी ती बाळ पहिल्यांदा दाखवणार होती. आत्या ठेवणीतली साडी नेसून सकाळपासूनच स्क्रीनसमोर बसलेली. आतोबांनी बटण दाबलं आणि चारही अँटिव्हायरस एकमेकांनाच व्हायरस समजून भिडले. पाट्यांवर पाट्या! यानं त्याला पकडलं, त्यानं याला कोंडलं. त्यापेक्षा नळावरची भांडणं बरी. मध्येच पत्रिका उघडली. सुजाताचा कॉल येई आणि तुटे, येई आणि तुटे.

"आतोबा, काढून टाका ते सगळं!" मी ओरडले.

"अख्खा संच?" त्यांचा आवाज चिरकला.

"अहो," आत्या हळूच म्हणाली, "आज थोडंफार दिसतंय. पुढचं कुणी सांगावं?"

 आतोबा खुर्ची ओढून बसले आणि एकेक काढायला लागले. बंगला गेला, दुकान गेलं, पत्रिका गेली, चारही अँटिव्हायरस गेले. मशीन दर वेळी विचारी, नक्की काढू का, आणि आतोबा मोठ्यानं म्हणत, "हो रे बाबा, हो!" शेवटी कॉल लागला. स्क्रीनभर बाळ. इतकं मोठं की मला त्याच्या पापण्याही दिसत होत्या.

आत्या पुढे वाकली. आणखी वाकली. नाक काचेला टेकायला आलं. मग ती मागे सरली.

"काहीतरी गुलाबी हलतंय," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा ना, कशी आहे."

भाव पाडायचा म्हणून जन्मभर प्रत्येक वस्तूत खोट काढलेला हा माणूस. त्यांनी आपली खुर्ची तिच्या खुर्चीला लावली, तिचा हात हातात घेतला. "केस भरपूर आहेत. काळेभोर. आता जांभई देतेय बघ. हनुवटीला खळी आहे, तुझ्यासारखी." तिकडे सुजाता रडत होती, इकडे मी.

"आणि नाक?" आत्यानं विचारलं.

नाक चांगलंच नकटं होतं. आतोबांनी बाळाकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"काही खोट नाही," ते म्हणाले. "कुठंच काही खोट नाही गं."

आत्यानं डोळे मिटून घेतले. "आणखी सांगा," ती म्हणाली.