लोकरीच्या दोऱ्याची झाडं

हुमनाबादला बसमधून उतरलो तेव्हा माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाच फुटी काठी होती. कंडक्टरने वाटेत दोनदा विचारलं होतं, "साप मारायला निघालात काय?" मला हसू आलं नाही. सोळा वर्षांनी मी चिटगुप्प्याकडे निघालो होतो, बिराप्पाला एक गोष्ट सांगायला.

तरुणपणी मी या भागात एका लाकूड ठेकेदाराचा कारकून होतो. बिराप्पा कुरुब (कानडी धनगर). त्याच्या घरी मी कितीदा तरी जेवलो. एकदा त्याने मला ओढ्याकाठची धामणीची झाडं दाखवली. धामण वाकते, मोडत नाही. मेंढपाळाची काठी आणि कुऱ्हाडीचा दांडा तिचाच. काठी तोडली की हे लोक त्या झाडाला काळ्या लोकरीचा दोरा बांधत. दोरा कुजून गळेपर्यंत झाडाला कोणी हात लावायचा नाही. ही खूण मी ठेकेदाराला सांगितली, बढाई म्हणून. दोरा असेल ते झाड चिवट, एवढंच त्याने ऐकलं. तीन दिवसांत ओढा मोकळा झाला. बिराप्पा मेंढरं घेऊन लांब गेला होता. तो परतण्याआधी मी पुणं गाठलं.

चिटगुप्प्याहून जीप मिळाली. लाल मुरमाची वाट, तूर काढून उघडी पडलेली रानं. तो ओढा आला. त्यात आता वेडी बाभूळ माजली होती.

दारात बिराप्पाची बायको होती. क्षणभर डोळे बारीक करून म्हणाली, "अगं बया, कारकून! केवढं पोट सुटलंय! पुण्यात काम करायलास का नुसतं जेवायलास?"

"दोन्ही, अक्का."

तिने भाकरी आणि पुंडी पल्या (अंबाडीची भाजी) वाढली. मुलं हैद्राबादला बांधकामावर, मेंढरं विकलेली, चार शेळ्या उरल्या होत्या. मी काठी शेजारी बसलेल्या बिराप्पापुढे ठेवली.

बिराप्पाने कागद सोडला, काठी गुडघ्यावर वाकवून पाहिली.

"धामण न्हाई ही."

"ॲश म्हणतात, अप्पा. उत्तर चीन, कोरिया, जपानकडचं झाड. थंडीत, नदीकाठच्या ओलीत वाढतं. आता मी दांडे विकतो, त्यांना हे बाहेरचं लाकूड येतं."

"तिथली माणसं काय करत्यात ह्याचं?"

"अवजारांचे दांडे, वल्ही. एका जातीच्या सालीच्या काढ्याने डोळेही धुतात."

"म्हंजी धामणीची भैणच की." त्याने काठी उलटीसुलटी केली. "तिथंबी कुणीतरी कुणाला झाड दावलं असंल."

मी म्हणालो, "अप्पा, ते दोरे..."

"ठावं हाय. खूण तुलाच सांगितली होती."

अक्काचा हात परातीत थांबला.

"मग कधी निरोप का नाही धाडलात? शिव्या तरी..." मी म्हणालो.

"कामून? तू तर पळालास." आवाज चढला नव्हता. "त्या सालापून दोरा बांधायचं सोडलं. कुठं एखादी धामण दिसली तरी कुणाला दावत न्हाई. पोरास्नीबी न्हाई दावली."

त्याने काठी दाराआड टेकवली. "चांगली हाय. ऱ्हाऊ दे." माफ केलं, असं तो म्हणाला नाही. मीही माफी मागितली नाही. मागायला तोंड राहिलं नव्हतं.

परतताना मी जीप न घेता चालत निघालो. एके ठिकाणी काटेरी झुडपांत जुनं, तोडलेलं खोड दिसलं आणि त्याला फुटलेला कमरेएवढा फोक. पानं थोडीच होती, खरखरीत. धामणच. मी तिथे बसलो. हात लावला नाही.

घरी आल्यावर धामण दिसल्याचं सांगितलं, तेव्हा बायकोने विचारलं, "कुठे दिसली?" मी विषय बदलला. आपण पाहिलेली जागा वाचकाला सापडावी, म्हणून प्रवास लिहिणारा वाटेच्या खुणा देतो. मी मात्र ते झाड कुठे आहे, हे इथे लिहिणार नाही.