एसीच्या खोलीतली होडी

श्रावणातला रविवार, नारळी पौर्णिमेच्या आधीचा. हजर: बाबा, आत्या, ठाण्याहून आलेला धाकटा भाऊ आणि मी. गैरहजर: नवरा, कारण त्याची कुडाळच्या कारखान्यात पाळी होती. पाहुणेही नव्हते. पावसात तारकर्लीकडे फारसं कोणी फिरकत नाही, त्यामुळे आमच्या घरगुती निवासाच्या दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या. त्या दिवशी माझ्या यादीत एकच काम होतं: होडीला रंग.

होडी म्हणजे खरी नव्हे. बाबांनी पडवीत बसून केलेली, हातभर लांबीची, फणसाच्या लाकडाची. आमच्या जुन्या होडीची हुबेहूब प्रतिकृती. बाजूला तोल सांभाळणारं लाकूड असतं त्याला आमच्याकडे उलांडी म्हणतात, तीसुद्धा सुंभाने बांधलेली. वल्ही आगपेटीच्या काडीहून थोडी मोठी. हे सगळं त्यांनी केलं तेव्हा हात ठीक होते. रंगाची वेळ आली तेव्हा हात थरथरायला लागले होते. ब्रशने एक बाजू रंगवून पाहिली, तर ओरखडे इतके जाड दिसायला लागले की बाबांनी ती बाजू पॉलिशपेपरने घासून परत कोरी केली आणि होडी कपाटावर ठेवून दिली.

मग डॉक्टरांनी मोतीबिंदूची तारीख दिली. नारळी पौर्णिमेनंतरचा बुधवार, आधी उजवा डोळा. त्या संध्याकाळी बाबा जेवता जेवता म्हणाले, "डोळो कापूच्या आदी माका ती एकदा रंगात बघूची आसा. मगे काय होता ता कोणाक म्हायत?"

मी सांगितलं की हल्ली काही होत नाही, दुपारी नेतात आणि संध्याकाळी घरी सोडतात. त्यांनी मान हलवली. ऑपरेशनची त्यांना भीती वाटत होती आणि ती ते होडीच्या नावाने बोलत होते, एवढं मला कळलं. मी भावाला फोन केला.

भावाला कॉलेजपासून विमानांची छोटी मॉडेल जोडायचा नाद. त्याच्याकडे एअरब्रश आहे, कॉम्प्रेसर आहे, पण खालच्या मजल्यावरचे आवाजाची तक्रार करतात म्हणून ते सामान पलंगाखाली पडून होतं. शनिवारी रात्री तो ते गाडीतून घेऊन आला.

सकाळी पडवीत मांडामांड केली. मी सवयीप्रमाणे आधी सगळं सामान एका ओळीत लावलं: कॉम्प्रेसर, त्याची हवेची टाकी, दाब दाखवणारा काटा, त्याखाली हवेतलं पाणी अडवणारी काचेची वाटी, नळी आणि शेवटी एअरब्रश. एअरब्रश म्हणजे जाड पेनाएवढी पिचकारी. वर थेंबभर रंगाची वाटी, बोटाखाली खटका. खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की हवेबरोबर रंग येतो. रंग पातळ किती करायचा यावर भाऊ म्हणाला दुधाइतका. आत्याने विचारलं गायीच्या की पिशवीतल्या, तेव्हा मी सोलकढीइतका असं ठरवून टाकलं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आमच्या कुंपणापलीकडे राहते आणि कुठल्याही कामाला बोलवावं लागत नाही. कॉम्प्रेसर सुरू झाला तशी ती कानावर हात ठेवून आली.

"ह्या काय हाडलंस रे? पंक्चरचा दुकान घालतंस काय हय?"

"आत्या, हा कॉम्प्रेसर आहे. हवा भरतो."

"ताच सांगतंय. पंक्चरवालोय हवाच भरता."

भावाने आधी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर फवारून पाहिलं. रंग धुक्यासारखा बसायला हवा होता. दोन-तीन श्वास तसा बसलाही. मग पिचकारीने पाणी थुंकलं आणि रंगात गोल गोल भोकं पडली. पुसलं, परत केलं, परत तेच. काचेच्या वाटीत पाणी जमलेलं दिसत होतं. भावाने टाकीचा नळ सोडला तर तिथूनही फुसकन पाणी आलं.

"ठाण्यात असं कधी झालं नव्हतं," तो म्हणाला.

ठाण्यात पाऊस नसतो असं नाही, पण तिथे तो दारं लावून रंगवत असे. आमची पडवी म्हणजे तीन बाजूंनी उघडी, समोर समुद्र, श्रावणातली हवा. मिठाच्या बरणीत तांदूळ घातले तरी मीठ पाझरतं. ती हवा दाबून टाकीत भरल्यावर तिच्यातून पाणी निघणारच. भाऊ म्हणाला, दिवाळीनंतर करू, तेव्हा हवा कोरडी असते. बाबांनी होडी उचलून परत मांडीवर घेतली एवढंच.

घरात कोरडी हवा असलेली एकच जागा होती, पाहुण्यांची एसीची खोली. त्या खोलीचे नियम मीच केलेले आहेत आणि दाराच्या आत चिकटवलेले आहेत. ओले कपडे नकोत, मासळी नको, वाळूचे पाय नकोत. मी आत जाऊन पलंग भिंतीला सरकवला, जमिनीवर जुन्या चादरी अंथरल्या, एसी चालू केला, न्हाणीघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा लावला आणि सगळ्यांना मास्क वाटले, कारण थिनरचा वास डोक्यात जातो. कॉम्प्रेसर टाकी रिकामी करून आत आणला. खोली गार व्हायला वेळ दिला. मग परत फवारून पाहिलं. पाणी आलं नाही.

बाबा खांद्यावर शाल घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. या खोलीत ते पहिल्यांदाच इतका वेळ थांबले.

"ह्या थंडीत लोक पैसे देवन झोपतत?"

"हो, आणि वर आणखी एक चादर मागतात," मी म्हटलं.

थिनरचा वास पसरला आणि मला माडाखालची होडी आठवली. मासेमारी बंद असायची तेव्हा होडी वर ओढून झावळ्यांच्या शाकारणीखाली ठेवलेली असे. आधी तिला मोरी माशाचं तेल चोळायचं, तो वास आठवडाभर अंगाला. मग पावसाने उघडीप दिली की रंग. वडीलमाणसं बाहेरून लावत, आम्हां मुलांना आतली बाजू, कारण आतलं चुकलं तरी कोणाला दिसत नाही. नारळी पौर्णिमेला होडी रंगलेली असायलाच हवी, मग घरात बाकी काही राहो. डब्यात रंग उरला की तो खिडक्यांना लागायचा. सगळ्या वाडीत तीच रीत होती. किनाऱ्यावरून वर चालत आलं की खिडकी बघून घर ओळखता यायचं: हिरव्यांचं, तांबड्यांचं, आमचं निळ्यांचं.

आता ना होडी आहे, ना खिडक्या. होडी कुजली आणि तिच्या फळ्या न्हाणीच्या चुलीत गेल्या. खिडक्या मी खोल्या काढल्या तेव्हा बदलल्या, ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या, डास येत नाहीत. रंगीत फोटो एक आहे, पण तो इतका तांबूस झाला आहे की त्यात समुद्रसुद्धा तांबूस दिसतो. म्हणून आमच्या होडीचा निळा नेमका कसा होता हे विचारायला माणसंच उरली होती. आम्हां भावंडांना नुसता निळा एवढंच आठवत होतं. उरले बाबा आणि आत्या, आणि दोघांचं एकमत नव्हतं.

भाऊ एकेक मिश्रण करून पत्रिकांच्या पाठीवर फवारत गेला. मी मागे पेन्सिलने क्रमांक टाकून त्या खिडकीत लावत गेले. बाबा प्रत्येक पत्रिका नाकाजवळ नेत आणि म्हणत, "अजून निळो."

आत्याने त्यातली एक सुरुवातीची उचलली. "ह्यो बघ. हिरव्यात जाणारो होतो आपलो."

"तू कितक्या येळा होडयेत बसलंस गो?"

"तुमी बसूक खंय दिल्यात? पण रंगाचो डबो ढवळूक कोण होता? मीच मगे."

"डब्यातलो रंग येगळो आणि पाण्यावरचो येगळो."

"होय तर. समुद्रात गेल्यावर बदलता तो."

बाबा हसले, पण हटले नाहीत. अजून निळो, अजून निळो. भावाने हिरव्याचा थेंब काढला, पांढरा काढला. शेवटी तो मला हळूच म्हणाला, "ताई, हा तर पेनाच्या शाईसारखा झालाय." मी म्हटलं, त्यांची होडी आहे. शेवटची पत्रिका बाबांनी नाकाजवळ नेली, मग हात लांब करून पाहिली.

"होच," ते म्हणाले.

आत्या मास्कच्या आतून काहीतरी पुटपुटली.

भावाने रंग वाटीत ओतला, काटा वीसच्या आसपास आणला आणि पिचकारी होडीवर धरणार एवढ्यात बाबांनी हात पुढे केला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. भावाने पिचकारी त्यांच्या हातात दिली, बोट कसं ठेवायचं ते दाखवलं, सारखं हलवत राहा म्हणून सांगितलं. हात थरथरत होताच. पण ब्रश लाकडाला टेकतो म्हणून थरथर लाकडावर उमटते. इथे मध्ये वीतभर हवा होती. रंग सरळ, पातळ, सारखा बसत गेला. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागपर्यंत आणि परत. बाबा जरासुद्धा घाईत नव्हते. आत्याने होडी ठेवलेला पाट हळूहळू फिरवला, तिला कोणी सांगितलं नव्हतं. रंग वाळल्यावर आतली बाजू भावाने आणि मी केली. तो म्हणाला, आपल्याला अजून आतलीच बाजू. कॉम्प्रेसर बंद केला तेव्हा खोलीत एकदम शांत झालं आणि बाहेरचा पाऊस ऐकू आला.

नारळी पौर्णिमेला बाबांनी होडी देवासमोर ठेवली, कुंकू लावलं, नारळ फोडला. त्या दिवशी ते तिच्याकडे खूप वेळा बघत होते. बुधवारी आम्ही उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून आलो. संध्याकाळी घरी, मी म्हटलं होतं तसंच.

पट्टी निघाल्यावर काळा चष्मा लावून ते घरभर हिंडले. भिंत इतकी पांढरी कधी केलीस, विचारलं. कॅलेंडरवरचे वार वाचले. मग बाहेरच्या खोलीत जाऊन चष्मा काढला आणि फळीवरच्या होडीसमोर उभे राहिले.

"ह्यो रंग कोणी लावल्यान?"

"तुमीच."

"मी? असो?"

डॉक्टरांना पुढच्या तपासणीत मी हे सांगितलं. ते म्हणाले, मोतीबिंदू म्हणजे पिवळट काच लावल्यासारखं असतं, निळा रंग त्यात बुडतो. म्हणजे बाबा त्या रविवारी पिवळ्या काचेतून बघत होते आणि आठवणीतल्या निळ्यापर्यंत पोचायला जास्त जास्त निळं मागत होते. घरी आल्यावर मी जपून ठेवलेल्या पत्रिका काढल्या. नव्या डोळ्याने बघून त्यांनी आत्याची पत्रिका बाजूला काढली.

"ह्यो जवळ येता," ते म्हणाले.

आत्या कुंपणाकडूनच ओरडली, "मी तेवाच सांगलंय."

मला काम सोपं वाटलं. भावाला फोन, पुन्हा एसीची खोली, आत्याचा रंग. मी तसं यादीत लिहिलंसुद्धा. पण बाबांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि डाव्या, जुन्या डोळ्याने होडीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तळहात काढून दुसऱ्यावर ठेवला आणि परत पहिल्यावर.

"हय बघ, ह्या डोळ्यान ती आपलीच आसा," ते म्हणाले. "राहूदे."

आता दिवाळी झाली. खोल्या भरलेल्या असतात. पाहुणे चहा घेताना फळीवरच्या होडीचे फोटो काढतात, रंग किती मस्त आहे म्हणतात. आत्याने आपली पत्रिका स्वतःच्या घरी नेली आहे. बाबा रोज सकाळी उजवा डोळा झाकून होडीसमोर उभे राहतात, मग पेपर वाचायला बसतात, तो उजव्याने.

डॉक्टर म्हणाले होते, महिन्याभराने डावा करू. मागच्या तपासणीत म्हणाले, हा पिकत चाललाय, आता थांबू नका. मी बाबांना सांगितलं. त्यांना ते माझ्याआधीच माहीत होतं. डाव्याने होडी हल्ली सकाळीसुद्धा अंधुक दिसते, म्हणाले.

"मगे तारीख घेव?"

"बघया. काय घाई आसा?"

एक फोन करायचा आहे. गॅसचा, धोब्याचा, पाण्याच्या टाकीचा असे सगळे फोन मी ज्या त्या दिवशी करते. हे एक काम दर सोमवारी जुन्या यादीवरून नव्या यादीवर उतरवते. या सोमवारीही उतरवलं आहे: बाबा, डावा डोळा, तारीख घेणे.