एका मुलीचं कॉलेज

पूर्णेच्या स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला ‘मिशन कॉलेज’ म्हटलं की तो अजूनही बरोबर फाटकाशी आणून सोडतो. आत आता सोयाबीनची पोती असतात. बाप्टिस्ट मिशनचं अध्यापक विद्यालय होतं ते. मी तिथेच शिकले आणि पुढे तिथेच शिकवलं. लोक विचारतात, “कॉलेज बंद कसं काय पडलं हो?” मला या प्रश्नाचा राग येतो. बंद पडायला ती काय पिठाची गिरणी होती? आम्ही ते बंद केलं, हात वर करून.

निजामाच्या राजवटीत दोन गोऱ्या मॅडमनी पत्र्याच्या एका खोलीत मुलींना मास्तरीण करायला घेतलं, ती याची सुरुवात. माझी आई आमच्या चुडाव्याच्या बुद्धवाड्यातली पहिली शिक्षिका, तीही इथलीच. गावात तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे आणि इथे ती मॅडमच्या शेजारी बसून जेवली, हे ती मरेपर्यंत सांगायची. धर्म बदल, असं तिला कोणी म्हटलं नाही. बाप्टिस्ट मंडळी लहान लेकराला बाप्तिस्मा देतच नाहीत. मोठं हो, स्वतःच्या तोंडानं हो म्हण, मग बघू.

कॉलेजातही तोच हट्ट. मेसमध्ये आठवड्यातून किती वेळा वांगं करायचं इथपासून सहल कुठे न्यायची इथपर्यंत सगळं सभेत ठरे. शिपाई असो, स्वयंपाकाच्या मावशी असोत की कालची आलेली विद्यार्थिनी, प्रत्येकाचं मत सारखं. प्राचार्यांना मात्र मत नसे. त्यांचा हात पाहून बाकीचे हात वर करतील, म्हणून. आमच्या प्राचार्यांनी, म्हणजे सरांनी, हा नियम उभ्या नोकरीत कधी मोडला नव्हता.

मग शिक्षकभरती थांबली. नोकरीच नाही तर शिकून करायचं काय, म्हणून मुली येईनाशा झाल्या आणि कॉलेजातली माणसंही एकेक करून गेली. शेवटच्या वर्षी उरलो आम्ही चौघं: सर, क्लार्क, मावशी आणि मी. विद्यार्थिनी एकच. वालूरच्या एका किराणा दुकानदाराची मुलगी, कपाळाला भस्म लावून यायची. तिला शिक्षिकाच व्हायचं होतं. बाकी काही सुचवलं की ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच म्हणायची.

अडचण सराव पाठाची होती. एकानं शिकवायचं आणि सोबत्यांनी वर्गातली मुलं होऊन बसायचं, अशी पद्धत. तिला सोबती कुठले? मग आम्हीच बाकांवर बसायला लागलो. रिटायर व्हायला आलेले सर चौथीतला पोरगा होत आणि नेमानं खोड्या काढत.

“बाई, यानं माझी पेन्सिल घेतली.”

“न्हाई बाई, खोटं बोलायलेत सर,” असं क्लार्क अगदी मनापासून चिडून म्हणत. मावशी त्या वर्षी भागाकार शिकल्या. एवढी मी त्या कॉलेजात कधी हसले नव्हते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी वरून निरोप आला. एका विद्यार्थिनीसाठी दुसरं वर्ष चालवता येणार नाही. तिला आत्ताच परभणीच्या कॉलेजात पाठवलं तर तिचं वर्ष वाचेल, नाहीतर बुडेल. सरांना नुसती सही करून भागलं असतं. पण त्यांनी सभा बोलावली. सराव पाठाच्याच वर्गात, त्याच बाकांवर आम्ही बसलो.

“ठराव असा हाय,” सर म्हणाले. “हिला परभणीला पाठवायचं अन् कॉलेज बंद करायचं. मंजूर असंल त्यांनी हात वर करावा.”

एकही हात वर गेला नाही. क्लार्क चष्मा पुसत राहिले. मावशी खाली बघत होत्या. माझे हात मांडीवर दगडासारखे पडले होते. त्या जागेनं माझ्या आईला माणसात बसवलं होतं, मी कुठल्या हातानं ती बंद करू? आणि ठराव पडला तर त्या मुलीचं वर्ष जाणार, हेही आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

“मी ऱ्हाते हितंच, सर,” ती म्हणाली. “वर्ष गेलं तर गेलं.”

“खरं सांग, बाळ.”

ती रडायला लागली. तिनं आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. आमच्यातलं कोणीही तिला ते सोपं करून देत नव्हतं. मग तिचा हात बाकावरून हळूहळू वर यायला लागला.

तेवढ्यात सरांनी स्वतःचा हात वर केला.

“तू खाली घे,” ते तिला म्हणाले. “माझ्यामुळं कॉलेज बंद पडलं, असं जन्मभर म्हणत बसशील. हे माझ्या नावावर राहू दे. तू आता परभणीची झालीस, तुला हितलं मत न्हाई.”

तिनं हात खाली घेतला. मग क्लार्कनी वर केला, मी केला, मावशींनी केला. ठराव मंजूर झाला, असं प्राचार्यांनी म्हणायचं असतं. आमचे हात कधीच खाली आले होते, सरांचा तसाच वर होता. क्लार्क उठून बाहेर गेले. मला सरांकडे बघवेना.

शेवटी मावशी त्यांच्यापाशी गेल्या. “झालं आता, सर,” म्हणाल्या, आणि त्यांचा हात मनगटाशी धरून त्यांनी हळूच खाली आणला.