घासलेटाचा रकाना

सरांची नि माझी ओळख भांडणातून झाली. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवाच्या पुस्तकात चांगलंच लिहा, असं मला सांगितलं आहे. पण झालं तेच लिहिते.

समुद्रपूरहून येऊन मी वर्ध्याच्या कॉलेजात रोजंदारीवर झाडपूस करत होते. सर प्रयोगशाळेत कथिलाच्या भस्माची टिकली तापवून तिच्यातून वीज किती जाते ते मोजत. हवेत गॅस मिसळला की वीज वाढते. यातून पुढे गॅसची गळती ओळखणारं यंत्र होईल, असं ते सांगत. त्यांच्या विद्यार्थिनी मीनाताई यांचे आकडे मात्र काही सकाळी उगाच वाढत. चार महिने त्यांनी तारा बदलल्या, मीटर बदलले. एक दिवस टेबलाचा वास त्यांच्या नाकात गेला.

"बाई, टेबल कशानं पुसता?"

"घासलेटानं. मुंग्या झाल्या तं तुमीच ओरडता."

"माह्ये चार महिने मातीत गेले! सर, हिले काढून टाका."

"काढा ना! लावू नको म्हणून मले कोणी सांगतलं होतं?"

बोलले खरी, पण नोकरी जायची भीती होतीच. घरात कमावती मी एकटीच.

सर म्हणाले, "बाई, रोज पुसता तसंच पुसा बरं आता."

मी पुसलं. घासलेटाची वाफही टिकलीला गॅससारखीच लागली नि मीटरचा काटा सरसर चढला. सरांना हसू आवरेना.

"मीना, टिकली खरं सांगून राह्यली, बाईबी खरं सांगून राह्यल्या. आपुनच इचारलं नाई."

त्या चार महिन्यांचे स्वतःचे आकडेही त्यांनी खोडले. मग वहीत नवा रकाना आखला : बाईंनी काय वापरलं. म्हणाले, "हा तुमी भराचा."

"मी? चौथीतच शाळा सुटली माही."

"घासलेट लिहाले चौथी पुरते."

तेव्हापासून तो रकाना माझा. मीनाताई पीएच.डी. करून डॉक्टर झाल्या तेव्हा पहिला पेढा त्यांनी मला दिला. सर मवाळ आहेत, असं मात्र कोणी समजू नये. एकदा उदबत्ती लावूनही मी 'काही नाही' लिहिलं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. नोकरी जायच्या भीतीनं मी रडले नव्हते, त्या दिवशी रडले.

आता सरांना साठ वर्षं पूर्ण झाली. यंत्र अजून व्हायचं आहे, पण होणारच. ते चालताना बघायला सरांनी धडधाकट राहावं, खूप वर्षं राहावं. चहा कमी करावा, हे मी तोंडावरही सांगते.

आजचा रकाना भरते : घासलेट नाही, उदबत्ती नाही, हवा स्वच्छ आहे. सर, सुरू करा.