धारेखालचा हात

मुरुम गावातल्या आमच्या घराच्या परसात मी सिमेंटचा लहानसा हौद बांधून त्यात गोल्डफिश सोडले होते. उन्हाळ्यात बोअर आटलं, की आठवड्याला टँकर यायचा. तो चालवणाऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. घरची टाकी भरली, की तो हौदाशी उकिडवा बसायचा आणि पाईपाखाली तळहात धरायचा. धार हातावर फुटून हळूच पाण्यात उतरायची. मासे जागचे हलायचेही नाहीत.

गल्लीत घागरींची रांग असताना माशांना पाणी घालायची मला लाज वाटे. एकदा मी त्याला म्हणाले, "हौद राहू द्या आता. मासे देऊन टाकते कुणाला तरी."

त्यानं हौदात बघितलं. हिरवट पाण्यात केशरी सावल्या फिरत होत्या.

"नगा देऊ, ताई. सारा जलम म्या पळतं पाणीच बघितलं. थांबल्यालं हितंच बघाय मिळतं."

मी मासे ठेवले.

यंदा टँकरवर दुसराच माणूस आला. त्यानं पाईप सरळ हौदात सोडला, तसे मासे सैरावैरा पळाले. मी खाली बसले आणि धारेखाली हात धरला. पाणी इतकं जड असतं, हे मला ठाऊक नव्हतं.