पाणी येईपर्यंत हलायचं नाही

वर्कशॉपात जळकी तार साठते आणि किस्सेही साठतात. तार भंगारवाला नेतो, किस्से माझ्याकडेच राहतात.

आमच्या शाळेत अकरावी-बारावीची पोरं मोटार वायंडिंग शिकतात. शिकवते मी. चौथी पास. जळक्या मोटारी उकलून एकटीनं शिकले, आणि हे मी ताठ मानेनं सांगते.

नवे प्राचार्य म्हणाले, "आजी, थोडी थिअरी घ्या."

म्हटलं, "घेते की. मोटार फिरली की लगेच."

*

माझा नियम एकच. ज्यानं वायंडिंग केलं त्यानं शेतकऱ्याच्या विहिरीवर जायचं आणि पाणी येईपर्यंत हलायचं नाही.

मढचा सागर एका विहिरीवर गेला, तर लाइटच गेली. दुपार टळली तरी पठ्ठ्या विहिरीवरच. मालक म्हणाला, "जा की आता घरी."

"लाइट गेली हे आज्जीला चालत न्हाई. ती पाणी आलं का तेवढंच इचारती."

मालकानं त्याला जेवू घातलं. आता तो मालक दुसऱ्या कुणाकडे मोटार देत नाही.

*

निरगुडसरच्या सोनालीचे वडील मात्र चिडून आले. "पोरीनं विहिरीवर जायचं? लोक हसत्यात. दिवाळीला शाळेतनं काढतो तिला."

दिवाळीआधीच त्यांची स्वतःची मोटार जळली, ऐन टोमॅटोत. सोनालीनं ती नव्या तारेनं भरली. वडील म्हणाले, "विहिरीवर मी लावतो. ती नको."

"मग मोटारबी नको," मी म्हटलं.

शेवटी सोनालीच गेली, मागनं मी. विहिरीवर निम्मी आळी जमली. बटण दाबलं. मोटार घुमली, पण पाणी शेळीच्या धारेएवढं.

शेजारी म्हणाला, "राव, एवढ्या पाण्यात चहा तरी व्हईल का?"

वडिलांनी मान खाली घातली. सोनालीला दोष लाइटवर ढकलणं सोपं होतं.

सोनालीनं मोटार बंद केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "लाइट बरोबर हाय. मीच वायरी उलट जोडल्यात. मोटार उलटी फिरतीया."

"हळू बोल की पोरी," वडील पुटपुटले.

"हळू बोलल्यावर सुलटी फिरंल का, दादा?"

मेन स्विच पाडून तिनं दोन वायरींची अदलाबदल केली. पुन्हा बटण. पाणी असं आलं की शेजाऱ्याची चप्पल पाटात वाहत गेली.

*

दोन दिवसांनी वडील वर्कशॉपात हजर. मोटारसायकलवर एक जळकी मोटार बांधलेली.

"त्या हसणाऱ्या शेजाऱ्याची हाय. सोनालीकडंच द्या."

मी मुद्दाम विचारलं, "सागरकडं देऊ का? ती तर चुकली व्हती."

ते मोटारीची दोरी सोडत म्हणाले, "म्हणून तर तिच्याकडं द्या म्हणतोय."