राणी रंगाचं जाकीट

हातखंब्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागून रसिका जाधवचं ब्लाउज शिवायचं. मधली भिंत फळ्यांची, त्यामुळे तिची मशीन मला आणि माझी कुरकुर तिला दिवसभर ऐकू जाते. रसिकाला प्रश्न फार पडतात. कुणी नवा शर्ट घालून आला तर बाकीचे विचारतात केवढ्याला घेतला, ही विचारते, "कॉलरीला आतून काय लावलाय वो, बघू?" आणि खरोखर कॉलर उलटी करून बघते. अशा माणसांचा मला एरवी वैताग येतो. तिचा येत नाही, का ते मलाच कळलेलं नाही.

नवरा दत्ताराम नोकरीला मुंबईत. मुलगी राही लांज्याला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. लॅब सकाळी सातला उघडते, एवढ्या लवकर पोचवणारी एसटी नाही, म्हणून बापाची जुनी मोटारसायकल तिनेच ताब्यात घेतलेली. ऐन श्रावणात, आमच्या दुकानांसमोर गावातला रस्ता जिथे सर्व्हिस रोडला तिरका येऊन मिळतो, तिथे एका गाडीने तिला आडवं पाडलं. मनगटाचं हाड मोडलं. गाडीवाला शुभंकर म्हणून एका बागायतदाराचा मुलगा. पळाला नाही, त्यानेच तिला दवाखान्यात नेलं. पण सारखं एकच, "दिसलीच नाही हो, शपथ, दिसलीच नाही." डोळे घरी ठेवून आलास काय, असं मी त्याला चार माणसांत विचारलं, आणि मला त्याचं अजूनही वाईट वाटत नाही.

कारण राहीच्या अंगात चमकत्या पट्ट्यांचं पोपटी जाकीट होतं. आईनेच हट्टाने घालायला लावलेलं.

आठ-दहा दिवस रसिकानेही त्या पोराचा उद्धार केला. मग एका दुपारी मशीन थांबली आणि फळ्यांपलीकडून आवाज आला.

"भाऊ, खोटा बोलायचा असता तर तो म्हणला असता, ब्रेक लागला नाय. नायतर पोरगी जोरात आली. ह्यो म्हणतो दिसलीच नाय. एवढा पोपटी जाकीट, आणि दिसली नाय म्हंजे काय?"

"म्हणजे तो फोनवर होता," मी म्हणालो.

"नव्हता. मी विचारलाय."

तिचा जीव कशात अडकला होता ते मला माहीत होतं. दत्तारामने फोनवर सांगून टाकलं होतं, दिवाळीला येतो आणि मोटारसायकल विकतो. गाडी गेली की लॅब गेली. बरं, राहीने तरी भांडावं! प्लास्टर निघालं त्या दिवशी तिने गाडी पुसली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि आत जाऊन बसली.

"ती घाबरलीय, भाऊ," रसिका त्या संध्याकाळी म्हणाली. "आणि मी तिला सांगू काय? जाकीट घाल? घातलाच व्हता की!"

दुसऱ्या दिवसापासून काम सोडून ती पायरीवर उभी राहून रस्ता बघायला लागली. पोपटी जाकीटवाला कुणी गेला की मला हाक. "बघा, बघा, गवतात गेला!" आणि खरंच, समोरची शेतं, कडेचं गवत, सगळं त्याच रंगाचं. मी इतकी वर्षं रोज समोर बघतोय, पण मला हे कधी सुचलं नाही. मग तिने कपाटातले तुकडे काढले. नारिंगी दोरीवर वाळत घातलं, तर मागच्या कापलेल्या डोंगराची तांबडी माती त्याला गिळून बसली. पिवळा आज चालेल, पण दिवाळीनंतर गवत वाळलं की तोही गेला. शेवटी उरला राणी रंग. ह्या मुलखात राणी रंगाचं गवतही नाही आणि मातीही नाही, असं म्हणून तिने एका रात्रीत अस्तर लावून जाकीट शिवलं आणि पोपटीच्या चमकत्या पट्ट्या उसवून त्यावर टीप मारली. इतकी खूश होती की मला फुकटचा चहा मिळाला.

त्या चहाची किंमत रविवारी कळली. गाडीवाल्याला काय दिसतं ते तिला स्वतः बघायचं होतं. माझी मारुती तिने गावातल्या रस्त्याच्या तोंडाशी, शुभंकरची होती तशीच तिरकी लावायला लावली. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. किल्ली मी माझ्या खिशात ठेवली, तिचा भरवसा नाही. आणि राहीच्या मोटारसायकलवर राणी रंगाचं जाकीट घालून कोण? मी. वय वर्षं एकसष्ट.

"श्यामशेट, वरात कुठं निघाली?" चहावाला धोंडू ओरडला. मी उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिल्या दोन फेऱ्या ती लांबूनच ओरडली, "दिसलाव! दिसलाव!" तिसऱ्या फेरीला मी जरा कडेने आलो. ओरडणं आलं नाही. मी येतोय, येतोय, पार गाडीच्या तोंडाशी आलो, तेव्हा आतून किंकाळी आली.

"भाऊ! कुठनं आलाव?"

दार उघडून ती खाली उतरली. पुढच्या काचेच्या कडेला, छप्पर धरून ठेवणारा तो जो काळा खांब असतो, त्यावर हात ठेवून उभी राहिली. "ह्याच्या आड गेलाव तुमी. गाडीसकट. अख्खा माणूस गेला." मग ती पायरीवर येऊन बसली आणि रडायला लागली. "तो खरा बोलत व्हता, भाऊ. मी त्याला काय काय बोलले. थांबून जरा मान हलवायची व्हती मेल्याने, पण खोटा नव्हता बोलत." थोड्या वेळाने जाकिटाकडे बघून म्हणाली, "आणि ह्या कपड्याचा काय उपयोग मग?"

मला तिची दया आली. पोरीला वाचवायला तिच्याजवळ होती ती शिलाई, आणि ती अपुरी पडली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मला तरी तू कुठे दिसत होतीस? तो खांब आणि तुझा स्टिअरिंगवरचा हात, बस."

रसिकाने डोळे पुसले. "काय म्हणालाव?"

"तुझं तोंड दिसत नव्हतं म्हटलं."

ती ताडकन उठून दुकानाच्या दाराशी गेली; बरोबर आणलेली राही आतच बसून होती. "राही! राही गो, बाहेर ये!"

मग काय, माझी आणखी सहा फेऱ्यांची वरात. आधी राही गाडीत, मग राही मोटारसायकलवर आणि मी गाडीत. दीड-दोन महिन्यांनी तिने पहिल्यांदा हँडल धरलं. प्रत्येक फेरीला तेच. जिथे तिला माझं तोंड दिसे तिथे मला ती दिसे, आणि लांबूनच, त्या राणी रंगामुळे. जिथे तिला माझ्या तोंडाऐवजी खांब दिसे, तिथे माझ्या लेखी ती जगात नव्हती. रसिका मध्ये उभी राहून दोघांना विचारत होती, "आता? आता?"

"म्हंजे ड्रायव्हरचा तोंड दिसला नाय," राही सावकाश म्हणाली, "की समजायचा, आपण पण नाय दिसत."

"आणि दिसला तरी तो आपल्याकडे बघतोय काय ते बघायचा," आई म्हणाली. "तोवर हात ब्रेकवर."

सोमवारी पहाटेच मी दुकान उघडलं. एरवी नऊशिवाय उघडत नाही. पण झोपच आली नाही, त्याला कोण काय करणार. रसिका पायरीवर उभी होती, हातात कुणाचा तरी अर्धा शिवलेला ब्लाउज. राही वाडीकडून सर्व्हिस रोडने आली. नेमकी त्याच वेळी गावातल्या रस्त्याने एक पांढरी गाडी आली. राहीचा वेग आधीच उतरलेला मी पाहिला. ती मान उंचावून गाडीत बघत होती. गाडी थांबली नाही. सरळ तिच्या पुढून रस्ता ओलांडून निघून गेली, आतल्या माणसाने एकदाही तिकडे पाहिलं नाही. राही अलीकडे उभी होती, एक पाय जमिनीला टेकवून.

मी त्या गाडीवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. राहीने आईकडे बघून हात केला, गिअर टाकला आणि लांज्याच्या दिशेला लागली. राणी रंगाचा ठिपका वळणापर्यंत दिसत होता.

मग रसिकाने दत्तारामला फोन लावला. ब्लाउज अजून हातातच होता, म्हणून स्पीकरवर.

"गाडी विकायची नाय," ती म्हणाली. "आत्ताच एक गाडीवाला आडवा गेला. त्याला आपली राही दिसली नाय."

"अगं मग?" पलीकडून दत्ताराम किंचाळला.

"मग काय," रसिका म्हणाली, "राहीला तो दिसला."